तरीही बंद करा

९ जानेवारी
विनिपेग शहर सोडलं आणि या गावात पाय ठेवताच जिवाला बरं वाटलं. घर लहान आहे, पण आर्डिथला आवडलं. बायको खूश म्हणजे अर्धा संसार मार्गी लागलाच म्हणायचं. नोकरी वृद्धाश्रमातले कम्प्युटर सांभाळायची. मुख्य नर्स लोरेटाबाईंनी आल्याआल्या सांगितलं, नव्या अपडेटपासून एकही मशीन धड बंद होत नाही, अगदी माझ्या नवऱ्यासारखं, झोप म्हटलं की पुन्हा उठून बसतं. स्वयंपाकीण पर्लने ताटभर पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या आणि तुला घरी कुणी खायला घालत नाही का रे, असं सगळ्यांदेखत विचारलं. लाजलो, पण ताट चाटूनपुसून खाल्लं.

१० जानेवारी
दोष किरकोळ वाटतोय. बंद करायला गेलं की पाटी येते: या कम्प्युटरवर अजून कुणीतरी काम करत आहे, बंद केल्यास त्यांचं न साठवलेलं सगळं जाईल. खाली बटण, ‘तरीही बंद करा’. असल्या पाट्या आमच्या धंद्यात कुणी वाचत नाही. बटण दाबायचं आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. जेवणापर्यंत अख्खा मजला उरकला. मधे आश्रमातल्या ऑस्टॅप आजोबांनी थांबवून बर्फावरच्या मासेमारीच्या थापा मारल्या. त्यांच्या थापांत मासा दर वाक्याला वाढतो.

११ जानेवारी
ऑस्टॅप आजोबांनी आज पोटच्या मुलीला ओळखलं नाही. घाबरले नाहीत, चिडले नाहीत. नुसते बसून होते. लोरेटाबाई म्हणाल्या, वय झालंय, व्हायचंच.

१४ जानेवारी
पर्ल तर पन्नाशीचीही नाही. दुपारी लाटणं धरून ओट्याशी उभी होती. याचं काय करायचं असतं, असं तिने मला शांतपणे विचारलं. तिला घरी पाठवलं. स्वयंपाकघरातलं मशीन मी सकाळीच बंद केलं होतं.

१५ जानेवारी
आज पाटी शेवटपर्यंत वाचली. खाली बारीक अक्षरात नाव असतं. दारापाशच्या मशीनवर लोरेटाबाईंचं होतं, आणि त्यांनी त्याला कधी हातही लावलेला नाही. मी बटण दाबलं नाही. त्यांना सांगितलं तर हसत सुटल्या. म्हणाल्या, मग राहू दे की चालू, विजेचं बिल काय मी भरते?
आल्यापासून मी कुणाकुणाच्या नावावर बटण दाबलं, मला माहीत नाही. रडू यायला हवं. येत नाही.

१७ जानेवारी
अपडेट काढून टाकलं. जेवून येतो तर पुन्हा हजर. घरी लॅपटॉपवरही आलंय. पाटी उघडली. नाव माझं, क्लेटन.
आर्डिथला बजावलं, याला हात लावू नकोस, वायर काढू नकोस. ती म्हणाली, बरं बाबा, मांडीवर घेऊन बस तुझ्या लाडक्याला. का ते सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाली असती.

१८ जानेवारी
कामावर गेलो नाही. लॅपटॉपसमोर बसून आहे. पंखा घरघरतोय. भीती वाटते. सरळ लिहून ठेवतो, मला भीती वाटते. आर्डिथला आता सांगायलाच हवं, ती बाजारातून आली की—

१९ जानेवारी
डोळा लागला माझा. आर्डिथने लॅपटॉप बंद केला. तापला होता म्हणे, पेट घेईल असं वाटलं. म्हणाली, तुला जरा झोप मिळावी म्हणून—
तिच्यावर रागवायचं होतं. राग कुठून आणतात—

जानेवारी
टेबलावर ही वही होती. कुणाची तरी.
आतल्या खोलीत एक बाई आहे. क्लेटन, क्लेटन अशा हाका मारतेय. सूप गार होतंय म्हणते. आवाज रडवेला झालाय.
कुणीतरी तिला ओ द्यायला हवी. पण इथे तर कुणी—