‘धारोष्ण’ची झडती

मंगळवार पेठ, कोल्हापूर

आदरणीय दाजींस आकारामचा दंडवत. चंदगडचा पाऊस, काजू आणि आमच्या अक्काचा गुडघा, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो.

घरचा जिना, गोठ्यातला पंखा, आईचा चष्मा (फक्त दांडी; काचेचं श्रेय मी घेत नाही) आणि दूध संस्थांच्या हिशेबाचं ‘धारोष्ण’ हे सॉफ्टवेअर, एवढं मी कुणाच्या शिकवणीशिवाय स्वतःच्या हातानं केलं, हे तुम्ही जाणताच. पैकी ‘धारोष्ण’ विकायला सोमवारी तुमच्या वर्षाराणीच्या राजारामपुरीतल्या कंपनीत गेलतो. दाजी, अजून माझं डोकं बधिर आहे.

विकत घेण्याआधी ही माणसं झडती घेतात. फाइलीतल्या अक्षरन् अक्षराचा मिळून एक लांबलचक ठसा निघतो (त्याला हॅश म्हणतात, एक टिंब हललं तरी ठसा पार वेगळा), आणि जगाला आधीच माहीत असलेल्या सॉफ्टवेअरच्या ठशांशी तो ताडून बघतात. वर्षाराणीनं बटण दाबलं आणि पोरीचा चेहराच उतरला. “मामा, ह्यात तुमचं काय हाय?” दोन फाइली सोडल्या तर बाकी सगळ्या जगजाहीर! तिचे साहेब यज्ञेश्वर गोड हसले. “कॉपी-पेस्ट केलंत ना, काका?” मी उसळलो. “कॉपी करायला मी काय चोर हाय व्हय? बघून बघून बोटानं मारलंय सगळं!” (आपल्याकडं पोथी उतरवली की ती उतरवणाऱ्याच्या घरची होते, मी तोच न्याय लावला. मूळ लेखकांची नावंसुद्धा सोडली नव्हती, रिकाम्या जागांसकट.)

साहेब खुर्चीतून उठलेच. एवढं सगळं हातानं, आणि एकही चूक नाही? नाही, म्हटलं मी, ताठ मानेनं. तर तुमची लेक म्हणते, एक हाय की, न जुळलेल्या एका फाइलीत टिंब सुटलंय! म्हणजे यंत्राच्या मते दुधाच्या फॅटचा हिशेब आणि ती चूक, एवढंच काय ते माझं. फॅटचा हिशेब त्यांच्याकडं आधीच होता. सौदा मोडला.

अक्काला यातलं काही कळू देऊ नका. ती हसते फार.

आपला,
आकाराम

ता. क. निघताना साहेबांनी एक जागा देऊ केली होती. ती भरली का, हे वर्षाराणीला सहज विचारा. माझं नाव काढू नका.

पुन्हा ता. क. जागा टायपिस्टची. मी तिथल्या तिथं नाकारली. महिना बावीस हजार.