अर्धा कप चहा

पिंपरी, बुधवार, ९ जानेवारी १९७४

पुण्याहून दुपारी परत आलो. यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, आणि तो कमरेच्या हाडात पोचलाय. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "अमेरिकेत काळ्या लोकांना हा रोग जास्त होतो, गोऱ्यांना त्याहून कमी. आपल्या लोकांत अगदी क्वचित." क्वचित, म्हणूनच का कंपनीच्या दवाखान्यात वर्षभर नुसता कमरेचा पट्टा दिला?

पण मला तरी कुठे कळलं? शिफ्टवर यांना सारखं लघवीला जावं लागायचं. मशीन सोडायची तर बदली माणूस मागावा लागतो, मग सगळे हसतात. म्हणून यांनी पाणी कमी केलं, चहा अर्धा केला. घरीसुद्धा अर्धाच. मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली.

संध्याकाळी धाकटे भाऊजी आले. तेही यांच्याच खात्यात आहेत. म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय. आपल्यात कुणाला झालाय हा रोग? ऐकलंय कधी?" हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी फार दमले होते, नुसतं मनात आलं: इथे कुणी सांगतच नाही, मग ऐकायला येणार कुठून?

भाऊजी रात्रपाळीला निघाले. मी त्यांची कपबशी उचलायला गेले, तर अर्धा चहा तसाच.

दारातच गाठलं त्यांना. "भाऊजी, तुम्ही कधीपासून अर्धा चहा टाकायला लागलात?"

ते हसले नाहीत. यांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि पायातल्या चपला काढून परत आत येऊन बसले.