जवळ येणाऱ्या पट्ट्या

नेर, ९ जानेवारी १९६०
रशीदभाईंच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानातून ट्रकची बॅटरी आणली. म्हणाले, "बाई, घेऊन जा, पन तार लय वेळ टेकवून ठेवू नका. हात भाजन." चहाच्या खोक्यातली चांदी, तो चकचकीत पातळ पत्रा, किराणावाल्यानं फुकट दिली. तिच्या दोन लांब पट्ट्या कापून बोटभर अंतरावर शेजारी-शेजारी टांगल्या. तारा आमच्या शाळेतल्या शरद मास्तरांनी जोडल्या, दोन्ही पट्ट्यांतून वीज वरून खाली. तार टेकवली आणि पट्ट्या चक्क एकमेकींकडे झुकल्या! चुंबकाचे सारखे ध्रुव एकमेकांना लोटतात, म्हणून आतून धाकधूक होती. पण पुस्तक खरं निघालं. एकाच दिशेचे प्रवाह ओढतात, उलट दिशेचे लोटतात. आम्ही दोघांनी चार वेळा बघितलं. शरद तर टाळ्या पिटत होते.

१४ जाने.
इन्स्पेक्टर साहेब बावीसला येणार. विज्ञानाची एकच जागा कायम व्हायची आहे, शरद किंवा मी. ते साहेबांच्या शेऱ्यावर. बाबा गेल्यापासून आमचं घर माझ्या पगारावर चालतं. शरद म्हणाले, "प्रयोग तुमीच दाखवा. मी गनिताचा तास घेतो." इतक्या मोठ्या मनाचा माणूस नाही पाहिला. आईला सांगितलं तर ती गालात हसली. तिच्या मनात काय आहे ते कळतं. माझ्याही मनात तेच.

२१ जाने.
सगळी तयारी झाली. शाळेत बाई म्हणून एकटी मीच, त्यामुळे साहेबांना ओवाळायचं माझ्याकडे. विज्ञान शिकवा आणि निरांजनही लावा! शरद म्हणाले, "मी हाय ना सामानापाशी."

२२ जाने.
लिहवत नाही, तरी लिहिते.
सकाळी तारा मीच जोडल्या, तपासल्या. मग ओवाळायला फाटकाशी गेले. ओवाळून, ताट ठेवून परत आले तो साहेब वर्गात, खुर्चीत. "सांगा बाई, काय होईल?" मी म्हटलं, पट्ट्या जवळ येतील. तार टेकवली. पट्ट्या फाकल्या. पुन्हा टेकवली, पुन्हा फाकल्या. वर्ग हसला. साहेब म्हणाले, "सारखे सारख्याला लोटतात, एवढं तरी पाठ करून यायचं." मी शरदकडे बघितलं. नऊ तारखेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी साहेबांकडे बघून मान डोलावली.

सगळे गेल्यावर सामान आवरायला घेतलं. उजव्या पट्टीच्या तारा उलट होत्या. खालची वर, वरची खाली. मी जोडलेल्या नव्हेत.

२३ जाने.
शरदना व्हरांड्यात गाठलं. नाही म्हणाले नाहीत, एवढं खरं.
"परवा संध्याकायी साहेब रेस्ट हाऊसवर म्हनत होते का सारखे प्रवाह लोटतात म्हून. तुमच्या पट्ट्या जवळ आल्या असत्या तं साहेब चिडले असते. मी तुमच्याचसाठी केलं."
"मग मला सांगितलं काहून नाही?"
"तुमी ऐकलं असतं?"
नसतं ऐकलं. पण मी 'जवळ' म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. मला तोंडघशी पाडून माझं कसलं भलं? घरी येऊन भांड्यांवर राग काढला. दगाबाज.

२८ जाने.
जागा शरदना. मला पाचवी ते सातवी, तेही जूनपर्यंत. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत बोलले.

३१ जाने.
शरदच्या आई आल्या. मला मागणी घातली! आई हरखून गेली. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी. रागापेक्षा वाईट हे, की क्षणभर आनंद झाला.

२ फेब्रु.
रशीदभाईंची बॅटरी परत करायला शरद सोबत आले. दुकानाबाहेर म्हटलं, एकच करा. हेडमास्तरांना सांगा, की तारा तुम्ही बदलल्या.
"आता कायले? लग्न झाल्यावर नोकरी घरातच राह्यली ना. तुमची काय, माझी काय."
म्हणजे लग्नाचा विचार तारा उलटवण्याआधीचा की नंतरचा? विचारलं. ते बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. रशीदभाईंनी आतून विचारलं, "बाई, मंग जमला का प्रयोग?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. पट्ट्यांनी त्यांचं काम बरोबर केलं होतं.

५ फेब्रु.
सरकीच्या गाड्या सकाळपासून रस्त्यानं चालल्या आहेत, घरभर धूळ. उद्या शरदच्या आई उत्तर न्यायला येणार. आई पोह्यांना शेंगदाणे निवडत बसली होती. आज तिला सगळं सांगितलं. तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "पोरी, मानूस वाईट नाही तो. भेकड हाय. भेकडासंग संसार होते, मी केला." बाबांविषयी ती असं पहिल्यांदाच बोलली. मी म्हटलं, शरदनी उद्या शाळेत जाऊन सांगितलं तर माझा होकार धर.
"आन नाही सांगितलं तं?"
मी सुपातले खडे काढत बसले. तिनं पुन्हा विचारलं.