मुखवट्याचे डोळे

२८ मार्च
सासूबाई गेल्यानंतरची पहिली जत्रा. देवीचा चांदीचा मुखवटा एक वर्ष थोरल्या घरी, एक वर्ष आमच्याकडे. यंदा आमच्याकडे, म्हणजे उजळायचा मान माझा. थोरली जाऊ बघायला आलेली. यापुढे इथे फक्त ‘ज.’, अख्खं नाव लिहून शाई कशाला घालवू. देव्हाऱ्यातलं निरांजन उचलून म्हणते, "तुजे घरान चांदीपन काली परते गो. हाताला गुण नाय."
बारा दिवस आहेत. असा उजळीन की हिचे डोळे दिपतील.

२९ मार्च
डोंबिवलीला जाऊन सराफाकडून चांदी धुवायचं पाणी आणलं. मुखवटा बुडवून काढला, खोबणीतला काळा थर सगळा साफ. सासूबाई विभूती घेऊन नुसत्या अंगठ्याने दोन-दोन तास घासायच्या. जत्रेच्या दिवशी अंगठा काळाकुट्ट. मला वाटायचं समईची काजळी. माझं काम पाच मिनिटांत झालं.

३० मार्च
पूजेला बसले, देवीकडे बघितलं, तर समोर मीच. मागे ट्यूबलाइट, पंखा, यांचा टॉवेल. डोळे नाहीत, भुवया नाहीत, नुसता लखलखाट. समई लावली तर ज्योतीच ज्योती.
तो काळा थर म्हणजेच तिचे डोळे होते. मी मळ समजून धुऊन टाकले. 

३१ मार्च
ज.ला कोणी कळवलं देव जाणे. नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, घेऊन हजर. "देवीचे डोले कुठं गेले गो?" विचारताना तोंडावर हसू मावत नव्हतं. खोबणीला हात लावायचा नाही, हे सासूबाईंनी तिला सांगितलेलं. मला का नाही सांगितलंत, म्हटलं. "तू इचारलंस कवा?"
भाऊजींचा निकाल: जत्रेला डोळे दिसले नाहीत तर मुखवटा कायमचा त्यांच्याकडे. हे शेजारी बसून शेंगा खात होते. तोंड उघडलं ते शेंगा टाकण्यापुरतंच. सत्तावीस वर्षं संसार केला या माणसाशी.

१ एप्रिल
रागाच्या भरात निरांजन घासायला घेतलं. आठ दिवसांपूर्वी घासलेलं, पुन्हा काळं. देव्हारा मागच्या खिडकीशी, खिडकीखाली मानपाड्याच्या केमिकल कंपन्यांचा नाला. सडक्या अंड्यांचा वास. चांदी काळी पडते ती या वासाने.
ज.कडे सातवा मजला, खिडक्या बंद, एसी. तिची चांदी काळी पडेल कशाने? माझ्या हाताला नावं ठेवत होती भवानी.
मुखवटा खिडकीत ठेवला. उघड्या.

५ एप्रिल
आधी पिवळट, मग तांबूस, आज गालांवर मोरपिशी झाक. डोकं ठणकतंय. हे म्हणतात, "बंद कर ती खिडकी, वास मारतोय." म्हटलं, तुम्ही बाहेर झोपा. बोलायची वेळ होती तेव्हा बोलला नाहीत.
देवीची माफी मागितली. चार दिवस नाल्याचा वास घेतेय बिचारी.

८ एप्रिल
सगळा काळा झाला. भीती वाटली, आता हाही दोष माझ्याच माथी. विभूती घेतली, अंगठा लावला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. वर उजेड यायला लागला, खोबणीत काळं राहिलं. उजेड परत फेकणारं आणि उजेड गिळणारं, दोन्ही असलं तरच चेहरा दिसतो. आधी डावा डोळा दिसला.
रडले. हे ज.ला कळायला नको.

९ एप्रिल, जत्रा
ज. नाकात नथ, अंगावर सगळं सोनं. मुखवट्याआधी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. हसू उतरलं.
"तुला कोनी शिकवलं?"
"तुम्ही नाही."
मग मुखवटा हातात घेऊन फिरवत बसली, दाराकडे, समईकडे. शेवटी म्हणाली, "डावा डोला मोटा झाला."
खरं आहे. सासूबाईंच्या हातचे दोन्ही सारखे असायचे.  भाऊजी नुसते "बघू" म्हणाले. हे मात्र आज बोलले, एकच वाक्य: "आईसारखीच बघते देवी." ज.ने यांच्याकडे असं बघितलं की बस.
पालखी गेली. संध्याकाळी कोणाच्या दारात उतरेल, भाऊजींनी सांगितलेलं नाही. देव्हाऱ्यातली जागा पुसून ठेवलीय. अंगठा तीनदा साबणाने धुतला, काळा तो काळाच.