खालून दुसरं बटण

प्रिय दादा,

आधी इकडंतिकडं बघ. कुणी बघत नसंल तर बाजूला हो आन् मग वाच. फाडू नको. फाडायचंच आसंल तर शेवटपर्यंत वाचून फाड, मग माझं काय म्हणणं न्हाई. बावीस महिनं झालं तू माझ्याशी बोलला न्हाईस. फोन लावला की कट, मेसेज टाकला की नुसत्या दोन निळ्या रेघा. दिवाळीत कुरकुंभला तुझ्या कंपनीच्या गेटवर चकल्यांचा डबा घेऊन दीड तास हुभी व्हते. सिक्युरिटीवाला आत जाऊन आला आन् म्हणला, "वो बोलता है मेरी कोई बहन नहीं है." मग चकल्या त्यालाच दिल्या. जी बहीण न्हाईच तिच्या हातच्या चकल्या लय आवडल्या त्याला, डबासुदीक परत दिला न्हाई.

मी आता दौंडला आसते, भागुबाई आत्याकडं. तुला कुणी सांगितलं नसंल. हितं राखीव पोलिसांच्या कॅम्पात शिवणकामाला लागलीय. कंत्राटी हाय, पण गळ्यात टेप हाय आन् पाच जणींत खिडकीपाशी मशीन माझंच हाय. दहावीला दोनदा बसलेल्या पोरीला आजून काय पाहिजे? आमच्या डोक्यावर हौसराव मामा हायेत, कपडे भांडाराचे हवालदार. टक्कल आसं चमकतंय की बक्कल घासून उरलेलं ब्रासो तितंच लावत आसतील. शिवून झालेला शर्ट उजेडाला धरत्यात आन् एकेक बटण अंगठ्यानं वढून बघत्यात. "करिश्मे, पोलिसाचं बटण तुटलं म्हंजी सरकारचं बटण तुटलं." मी म्हणलं, मामा, मग सरकारला दोरा जरा जाड द्यायला सांगा की. तवापासनं त्यांचं माझं जमलंय.

दादा, तुला खरं सांगते, ह्या कामात लय मजा हाय. नव्या भरतीची पोरं किट घ्यायला लाईनीत हुभी ऱ्हातात तवा बघावं. बुटाचा नंबर सगळी खोटा सांगत्यात. आठचा पाय आसला तरी नऊ सांगायचा, म्हंजी मर्दासारखा वाटतो, आन् दुसऱ्या दिवशी फोड घेऊन बूट बदलायला आमच्या बदलीच्या खिडकीवर हजर. कंबर तर विचारूच नको. येताना चौतीस, तिसऱ्या महिन्यात तीस. म्हणून कंबर आवळताना जास्तीचं दोन इंच कापड कापत न्हाई, आतनं दाबून ठेवते. सुट्टीवरनं आईच्या हातचं खाऊन आलं की परत सोडायला बरं. खांद्याच्या पट्ट्या, खिशाची झाकणं, स्टार्च किती, इस्त्रीची घडी कुठं मोडायची, सगळं आता डोळं झाकून येतंय.

खोड्या सुटल्यात का, आसं तुझ्या मनात आलं आसंल. न्हाई सुटल्या. साई नावाचं एक पोरगं हाय, सारखं खिशात हात घालून हुभं ऱ्हायचं. परेड शिकवणारा उस्ताद वरडून वरडून दमला. त्यानं पँट उंची कमी करायला आणली, तवा मी दोन्ही खिशांची तोंडं आतनं बारीक टाक्यानं शिवून टाकली. सकाळच्या परेडला त्याचं हात मांड्यावरनं नुसतं घसरत व्हतं म्हणं. हौसराव मामांना वळखायला वेळ लागला न्हाई. शिक्षा म्हणून चाळीस पट्ट्यांची बक्कलं घासायला लावली. आन् दुसऱ्या दिवशी हळूच खिडकीपाशी येऊन म्हणत्यात कसं, "आजून दोघांचं हात खिशात आसत्यात. नंबर लिहून घे."

पण एक खोडी मी परत केली न्हाई. एकाचा तयार कपडा दुसऱ्याच्या अंगावर चढवायची.

तू तवा तिसऱ्यांदा पोलीस भरती देऊन आला व्हतास. ग्राउंडला एक नंबर, लेखीत दोन मार्कांनी गेलं. पंधरा दिवस तू जेवण सोडून कुणाकडं बघत नव्हतास. मी शिरूरला टेलरकडं कामाला व्हते आन् सोपानराव हवालदारांचा नवा ड्रेस शिवून तयार व्हता. तू कामावर जाताना मला डबा द्यायला आलास. मीच म्हणलं, दादा, तुझ्याच मापाचा हाय, जरा घालून दाव, हात वर करून काखेत वढतंय का बघू. तू नको नको म्हणत घातलास. आन् आरशात बघितलंस तवा पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसलास. ते हसू मला ठेवायचं व्हतं, म्हणून फोटू काढला. हितपर्यंत माझं काय चुकलं न्हाई. पुढं चुकलं. घरच्या ग्रुपवर टाकला आन् खाली लिहिलं, "दादाचं सिलेक्शन झालं." वाटलं, दहा मिनिटं सगळ्यांना नाचवायचं आन् मग हसायचं. दहा मिनिटात काकांच्या पप्पूनं तो फोटू गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात आईनं पेढं आणलं. सांजच्याला मारुतराव सरपंच फेटा घेऊन दारात. तू कामावरनं आलास तर आण्णा रडत व्हतं, दादा. आण्णा! त्या रडण्यापुढं तुझं तोंड उघडलं न्हाई, माझंबी न्हाई. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणलो. आन् सकाळी कारेगावच्या चौकात फ्लेक्स. हार्दिक अभिनंदन, खाली बत्तीस शुभेच्छुकांची तोंडं, आन् मधी तू हाताएवढा मोठा न्हाई, हत्तीएवढा मोठा.

तिसऱ्या दिवशी सोपानराव चौकात मिसळ खायला थांबलं. वर बघत्यात तर फ्लेक्सवर नाव तुझं, विक्रम शेळके, तोंड तुझं, आन् छातीवरच्या पट्टीवर नाव त्यांचं! नेमपट्टी काढायची मी इसरले व्हते. आन् सबंध गावात ती कुणी वाचली न्हाई, ज्याची त्यानंच वाचली.

पोलीस स्टेशनात तू माझं नाव घेतलं न्हाईस. ड्रेस मीच मागून घातला, फोटू मीच टाकला, म्हणलास. मी भायेर बाकड्यावर बसून सगळं ऐकत व्हते, पण आत येऊन "मी केलं" म्हणलं न्हाई. सोपानराव भला माणूस. "पोरगं रोज पहाटं रोडला पळतंय, मी बघतो. कागद नका करू, जिंदगी जाईल त्याची," आसं साहेबांना म्हणलं, म्हणून सुटलास. भर दुपारी तूच शिडी लावून फ्लेक्स उतरवलास. सगळी हाटेलं भायेर येऊन बघत व्हती. चार दिवसांनी बॅग घेऊन कुरकुंभला गेलास. फ्लेक्स आईनं कडब्यावर टाकलाय, तोंड आत करून. पाऊस लागंल म्हणती. कडब्याला का तुला, ते म्या विचारलं न्हाई.

आता खरं सांगते. गेल्या मंगळवारी मी मैत्रिणीच्या, शितलच्या लग्नाला सुट्टीवर व्हते. तवाच मामांनी नव्या बॅचची मापं घेतली. बुधवारी यादी माझ्या मशीनवर आली. दोनशे चौदा नंबर, विक्रम आण्णासाहेब शेळके. म्हणलं, आसंल दुसरा कुणी, शेळके काय कमी हायेत का? छाती अडतीस, बूट नऊ. आन् शेऱ्यात हौसराव मामांच्या अक्षरात लिहिलेलं, "उजवा खांदा अर्धा इंच उतरता." दादा, शेवंतीचं क्रेट वाहून वाहून उतरलेला तो खांदा मी वळखणार न्हाई तर कोण वळखणार? मशीनवर डोकं ठेवून एवढं हसले की शेजारच्या सिंधूबाईनं पाणी आणलं, तिला वाटलं रडती. दोन्ही व्हतं. शिफ्ट करून चौथ्यांदा भरती दिलीस, पास झालास, आन् कुणाला कळू दिलं न्हाईस. का न्हाई, ते मला कळतंय. पासिंगची परेड होऊस्तर तुला एकबी फ्लेक्स नकोय. म्हणून मी कुणाला सांगितलं न्हाई. आईनं परवाबी फोनवर इचारलं, विक्रम कसा हाय गं. म्हणलं, शिफ्टला आसंल. माझ्या पोटात आठ दिवस एखादी गोष्ट ऱ्हायली, हाच एक चमत्कार समज.

दोनशे चौदाचा शर्ट मी दुसऱ्या कुणाला शिवू दिला न्हाई. उजव्या खांद्याला आतनं पातळ कापड घातलंय, दोन्ही पट्ट्या एका रेषेत बसतील. नेमपट्टी चार येळा वाचून लावलीय, ह्या बारीला नाव तुझंच हाय. हे पत्र डाव्या खिशात घातलंय, तितनंच काढून तू आत्ता वाचतोयस. आन् आता शेवटची खोडी. हौसराव मामांनी बटणं वढून बघितली, पास केली, त्याच्यानंतर खालून दुसरं बटण मी उसवून कच्च्या टाक्यावर ठेवलंय. पट्टा आवळलास की निघून हातात येईल. उद्या पहिल्या परेडला उस्ताद बटणंच बघतोय. किटमधी सुईदोरा हाय, आन् बटण लावायला तुला येतंय, मीच शिकवलंय. तुझं तू लावलंस तर मी समजून जाईन, परत गेटवर येऊन हुभी ऱ्हाणार न्हाई. पण न लावता आलास तर बदलीच्या खिडकीवर ये. माफी मला तोंडानं मागायचीय, कागदावर ती नीट बसत न्हाई. मी सुई ओवून बसलीय.

तुझीच, जी बहीण न्हाईच ती,
करिश्मा