पट कपाटावर गेला तेव्हा

प्रिय धाकट्या,

दाढ काढून झाली का तुझी? तोंड सुजलंय तोवर तरी गप्प बसशील, तेवढाच तुझ्या बायकोला आराम. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिलं होतं, पण खोडून टाकलं. ठीक नाही. मला भीती वाटते आहे, आणि ती तुझ्या दादाची वाटते आहे.

तू नोकरीसाठी लांब गेलास तेव्हा तो किती मुका झाला होता, ते तुला माहीत नाही. मग तुमचं फोनवरचं बुद्धिबळ सुरू झालं. तू चाल कळवायचास, तो पटावर मांडून, डोकं खाजवून उत्तर द्यायचा. घरात पुन्हा हसू आलं, म्हणून मीही हौसेनं पट पुसून ठेवायचे. पुढे तो पट जेवणाच्या टेबलावरून हलेनाच, तशी मी कुरकुर सुरू केली. एक दिवस त्यानं मुकाट्यानं पट उचलून कपाटावर ठेवला. म्हटलं, सुटला बाई नाद! कसली खुळी मी. पट आता लागतच नव्हता, म्हणून तो वर गेला होता. अख्खा डाव याच्या डोक्यात मांडलेला. तुला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं, आणि खरं सांगते, मलाही.

पण टेबलावरचा डाव आवरता येतो रे. लेकीनं फोनवर तापाचं सांगितलं, तर हा 'हं, छान' म्हणाला. मांडीवर बोट सारखं सरकत असतं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण बोट तिरकं गेलं की उंट, एवढं मी शिकले. आणि मग तेच बोट मला स्टिअरिंगवर दिसलं.

शाळेची बस तो चालवतो आणि पोरांना चढवणारी-उतरवणारी मावशी मी, त्यामुळे बघायला मीच असते. मागच्या आठवड्यात त्यानं एक थांबा चुकवला. पोरं खिदळली, तोही हसला. मी विचारलं, तर म्हणे रस्ता हातापायांना पाठ आहे, डोकं रिकामंच असतं. माझी तर पाचावर धारण बसली. त्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण त्याचा एवढा एकच विरंगुळा, तो कसा तोडायचा, म्हणून गिळून बसले.

काल आमची बोबडी उतरत होती. बसमधली सगळ्यांत लहान, मला 'मावची' म्हणते. एक पाय पायरीवर, एक खाली, दप्तराचा पट्टा दांडीत अडकलेला, आणि बस हलली. मी ओरडले, पत्र्यावर हात आपटला, तिला कवटाळून आत ओढलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. बूट मात्र मागच्या चाकाखाली गेला.

तो चपटा बूट तुझ्या दादानंच उचलला. पोरीच्या आईला, शाळेच्या ऑफिसात, सगळ्यांना स्वतःहून खरं सांगितलं आणि किल्ल्या देऊन आला. घरी आल्यावर मला म्हणाला, बूट हातात होता ना, तेव्हाही धाकट्याच्या वजिराला काय उत्तर द्यायचं तेच सुचत होतं. हे सांगताना तो रडला. इतक्या वर्षांत मी त्याला असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

थांबवायचं आहे, पण अर्धा डाव त्याला सोडवत नाही. माझं ऐकत नाही असं नाही, त्याला जमतच नाहीये. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, म्हणून तुला लिहिते आहे. तू हरलास असं त्याला कळव आणि पुन्हा डाव मांडू नकोस. चाल कळवायची नाही म्हणून बोलणं तोडू नकोस मात्र, त्यापेक्षा चार दिवस येऊनच जा. त्याला भाऊ हवाय रे, वजीर नकोय. हे लिहीत असताना तो समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसला आहे, आणि त्याचं बोट अजून थांबलेलं नाही.

तुझीच,
वहिनी