लाल दिव्यालाही दाबलेलं बटण

सावदा,
ता. १९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. लतास आईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. केळी कापायला आली आहे. तिकडे दोंडाईच्याला थंडी पडली असेल, बाळाला टोपडं घालत जा.

तुझा भाऊ तोताराम आम्हा दोघांना मुंबईला घेऊन गेला होता. आप्पांचा कंपवात तुला ठाऊकच आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई अशा रोग्यांवर संशोधन करतात. कोणी झोपेत हातपाय झाडतं, कोणी मनात आलं की लगेच करून मोकळं होतं. आप्पांचं दोन्ही आहे. मेंदूचे फोटो काढायला त्यांना एका मोठ्या नळकांड्यात झोपवलं. त्याआधी एक खेळ दिला. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, लाल लागला तर थांबायचं. आप्पा लाल दिव्यालाही दाबत होते. "कयते मले, पण बोट थांबत नही," म्हणाले.

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे झोपेत हातपाय झाडतात, तेव्हा तुम्हाला लागतं का?"

लता, गुढीपाडव्याला तू माझा सुजलेला डोळा पाहिलास, आप्पांना "तुम्ही माझे बाप नाही" म्हणालीस आणि निघून गेलीस. तो मार झोपेतला होता. स्वप्नात ते रानडुकरं हाकत होते. हा आजार असतो हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. लोक बाहेरची बाधा म्हणतील म्हणून मी गप्प राहिले.

पण सगळंच झोपेतलं नव्हतं. श्रावणात त्यांनी कोणाला न विचारता फटफटी आणली, तीही हात असे थरथरत असताना. मी किल्ली लपवली, तर भर दुपारी माझ्या थोबाडीत मारली. हे तोतारामलाही सांगितलं नाही. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कंपवाताच्या नव्या गोळीनेही असं होत असेल, तेच आम्ही शोधतोय. मी विचारलं, "मग मारलं ते आजाराने, की माणसाने?"

"फोटोत तेवढं दिसत नाही हो, काकू."

गोळी कमी केली आहे. हात जास्त थरथरतो, पण घाई गेली. फटफटी विकायला ते स्वतःच तयार झाले. परवा ओसरीवर मी त्या दुपारचा विषय काढला. ते म्हणाले, "झोपेतलं मले माहीत नव्हतं. त्या दुपारचं माहीत होतं."

माफ केलं की नाही, माझं मलाच अजून ठरत नाही. खाट वेगळी केली आहे, जेवायला सोबत बसतो. तू त्यांच्याशी बोल, असं मी म्हणणार नाही. पण या घरात मीही राहते. मला भेटायला ये.

तुझी आई,
मंदा